एप्रिलमधले विजय, फेब्रुवारीतले पराभव

पुणे, चैत्र वद्य षष्ठी

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पावले. मोसमाच्या आरंभी निम्म्याहून अधिक सामने गमावून बसलेला तुमचा संघ मार्चच्या मध्यापासून एकदाही हरलेला नाही, तुला स्वतःला मिडफिल्डच्या पहिल्या फळीत स्थान मिळाले आहे, आणि जेथे लॅक्रॉसच्या सामन्यास एरवी खेळाडूंचे आईबाप व वाट चुकलेले चार विद्यार्थी एवढाच प्रेक्षकवर्ग असे, तेथे आता बसावयास जागा मिळेनाशी झाली आहे, हे वाचून मला मनःपूर्वक आनंद झाला. तथापि पत्राचा मोठा भाग, अमुक संघाने तमुक संघास हरविले तर आमचा क्रमांक कोठे जाईल आणि निवड समितीस आमची दखल घेणे कसे भाग पडेल, या त्रैराशिकात खर्ची पडलेला पाहून, बाल्टिमोरमधील नोकरीच्या काळात या खेळाचे वेड लागलेल्या तुझ्या या मामास चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटले. तू सल्ला मागितलेला नाहीस हे मी जाणतो. पण मामाच्या पत्राला तशा अर्जाची आवश्यकता नसते.

प्रथम तुझ्या गणिताविषयी. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे सत्तराहून अधिक संघ, राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश त्यांपैकी सतरा-अठरांना, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जागा निरनिराळ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या गटांच्या, विजेत्यांसाठी राखून ठेवलेल्या. म्हणजे समितीच्या मर्जीवर किंवा विवेकावर, तुला जो शब्द रुचेल तो घे, सोपविलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. या जागांचा फैसला करताना समितीपुढे जे कागद येतात त्यांत आरपीआय नावाचा जो आकडा असतो, त्याची पारंपरिक घडण तू एकदा शांतपणे पाहा. त्यात तुमच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणास चौथा हिस्सा, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणास निम्मा, आणि प्रतिस्पर्ध्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांस उरलेला चौथा. ज्या आकड्यापायी तू रात्रीची झोप गमावीत आहेस, त्याचे तीन चतुर्थांश अशा लोकांच्या हाती आहेत की ज्यांतील बहुतेकांनी तुमचे नावही मनात आणलेले नाही. शिवाय हा आकडा रोजकीर्दीसारखा आहे: फेब्रुवारीच्या बर्फात झालेल्या पराभवाची नोंद आणि एप्रिलच्या उन्हात मिळविलेल्या विजयाची नोंद एकाच शाईने होते, आणि अखेरची बेरीज करणारा कारकून तारखेच्या रकान्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

हा अन्याय आहे असे तू म्हणशील. मला तसे वाटत नाही. १९७१ पूर्वी राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरतच नसे. मोसम संपल्यावर जाणत्या मंडळींच्या मताने तो जाहीर होई. १९७१ मध्ये पहिली स्पर्धा भरली, कॉर्नेलने अंतिम सामन्यात मेरीलँडला १२-६ असे हरविले, आणि तेव्हापासून मताची जागा चेंडूने घेतली; दाराशी मात्र कोणीतरी पहारेकरी ठेवणे प्राप्तच होते, आणि पहारेकऱ्याने भावनेपेक्षा दप्तरावर विसंबावे हे मला तरी अधिक श्रेयस्कर वाटते. ज्यास नियम आरंभीच ठाऊक होता त्याने मे महिन्यात कैफियत मांडू नये.

आता तुझ्या पत्रातील ज्या एका वाक्याने मला हे लिहावयास प्रवृत्त केले त्याकडे वळतो. ‘आमची लय अशी लागली आहे की आता आम्हांला कोणी थांबवू शकणार नाही,’ असे तू लिहितोस. लय लागते हे मी नाकारीत नाही. पण ती जणू एखादी दैवी देणगी असून एकदा अंगात संचारली की मेअखेरपर्यंत उतरावयाची नाही, ही जी तुझी समजूत दिसते, ती दोन संघांच्या इतिहासाशी ताडून पाहा.

इंडियानातील नोत्र दामचा संघ २०२२ साली पहिल्या सहांपैकी चार सामने हरला. तुमचीच अवस्था, म्हण ना. त्यानंतर त्याने उरलेले सहाही सामने जिंकले, आणि देशातील बलाढ्य संघांत आज याच्याइतका भरात आलेला संघ क्वचितच असेल असे जाणकार उघडपणे बोलू लागले. त्या वर्षी त्यांच्या कॉन्फरन्सने मोसमाअखेरची आपली स्वतंत्र स्पर्धा भरविलेली नव्हती. थेट आत शिरण्याची वाटही बंद होती, आणि सर्व भिस्त समितीवर. समितीने त्यांना वगळले. ज्या संघांना प्रवेश मिळाला त्यांत ओहायो स्टेट होता, आणि त्याने त्याच मोसमात नोत्र दामला हरविले होते. एका पराभवाची किंमत कधीकधी त्या दिवशी कळत नाही ती अशी. सहा विजयांची लय दाराबाहेर उभी राहिली.

याच्या उलट व्हर्जिनियाचे २०११. एप्रिल महिन्यात त्या संघाची अशी घसरण झाली की त्याच्या नावाने कोणी पैज लावली नसती. शिस्तीच्या कारणावरून दोन नामांकित मिडफिल्डर संघाबाहेर गेले, बचावफळीतील एक आधारस्तंभ दुखापतीने निकामी झाला. स्पर्धेत सातवे मानांकन मिळाले खरे, पण पहिल्याच फेरीत बकनेलविरुद्ध जादा वेळेत १३-१२ असा जीव वाचवावा लागला. आणि तरीही ३० मे रोजी बाल्टिमोरच्या मैदानावर मेरीलँडला ९-७ असे नमवून अजिंक्यपद घेऊन गेला तो हाच संघ. त्यांचे अनुभवी प्रशिक्षक डॉम स्टार्सिया यांनी काही मंत्र फुंकला नव्हता. उरलेल्या माणसांच्या बळाबळाचा विचार करून त्यांनी बचावाची रीत बदलली: प्रत्येकाने आपापल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावण्याऐवजी जागा वाटून घेऊन उभे राहावे, ज्यास झोन म्हणतात, तो त्यांनी मोसमाच्या ऐन उत्तरार्धात अंगीकारला. असा बदल मोसमाच्या शेवटी करणे म्हणजे आजवरचे आपले चुकले हे सर्वांसमक्ष मान्य करणे होय, आणि हरत असलेल्या संघास ते जितके सुलभ असते तितके जिंकत असलेल्या संघास नसते. माझ्या मते तुमच्यापुढील खरा धोका हाच आहे.

म्हणून, बाळ, ‘आम्ही का जिंकत आहोत’ हा प्रश्न, तुम्ही हरत असताना जितक्या निष्ठुरपणे विचारला असता तितक्याच निष्ठुरपणे आज विचारावा असे मी तुला आग्रहाने सांगतो. उत्तर ‘उत्साह’ असे आले तर ते फेटाळून लाव. जमिनीवर सुटलेला चेंडू प्रथम कोण उचलतो आहे? फेस-ऑफला तुमचा मनुष्य चेंडू स्वतः जिंकतो आहे, की बाजूच्या दोघांच्या धावण्याने तो तुमच्याकडे येतो आहे? या खेळात प्रत्येक गोलानंतर पुन्हा मध्यावर फेस-ऑफ होतो, गोल खाणाऱ्यास चेंडू आयता मिळत नाही, आणि म्हणूनच चार-पाच गोलांची आघाडी काही मिनिटांत वितळताना आपण पाहतो. तुम्ही मागील दोन सामन्यांत पिछाडीवरून जिंकलात असे जे तू अभिमानाने लिहिले आहेस, त्यातील किती श्रेय मनोधैर्याचे आणि किती त्या एका मुलाच्या मनगटाचे, याचा हिशेब तुमच्या प्रशिक्षकांपाशी निश्चित असेल. तो मागून घे. त्याचा अंगठा दुखावला तर दुसरा कोण, हेही विचार.

तसेच क्लिअरचे. गोलरक्षकाने फटका अडविल्यापासून चेंडू मैदानाच्या पलीकडल्या अर्ध्यात सुखरूप नेईपर्यंतचा तो जो कंटाळवाणा, टाळ्या न मिळविणारा प्रवास असतो, त्यात मार्चमध्ये तुम्ही कितीदा चेंडू गमावीत होता आणि आता कितीदा गमावता? २०१९ पासून फटका मारण्यास ऐंशी सेकंदांची मुदत आल्यावर तर या प्रवासात रेंगाळण्यास वावच उरलेला नाही. तू मिडफिल्डर आहेस. दोन्ही टोकांस धावणे हा तुझा धर्म. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी छापून येते, परतीच्या धावेत प्रतिस्पर्ध्यास अडवून धरणाऱ्याचे येत नाही; पण होमवूडच्या मैदानावर जॉन्स हॉपकिन्सचे सामने पाहताना माझ्या शेजारी बसणारे वृद्ध प्रेक्षक नेमक्या त्या परतीच्या धावेलाच मान डोलवीत असत, आणि तेव्हापासून मीही चेंडू सोडून तीच पाहू लागलो.

नोत्र दामची हकीकत अर्धीच सांगितली. वगळले गेल्यानंतरच्या वर्षी त्यांच्यातील बहुतेक मुले परतली, आणि या वेळी निकाल कोणाच्या मर्जीवर राहू नये अशा बेताने त्यांनी पहिल्या सामन्यापासून मोसम खेळला. संपूर्ण वर्षात ते दोनदाच हरले, दोन्ही वेळा व्हर्जिनियाकडून. उपांत्य सामन्यात तोच व्हर्जिनिया पुन्हा समोर आला आणि जादा वेळेत १३-१२ असा पडला. २९ मे २०२३ रोजी फिलाडेल्फियात ड्यूकला, ज्याने त्यांना २०१० व २०१४ च्या अंतिम सामन्यांत हरविले होते त्याच ड्यूकला, त्यांनी १३-९ असे हरविले. गोलरक्षक लियम एंटेनमनने त्या दिवशी १८ फटके अडविले. तीस वर्षांहून अधिक काळ तेथे शिकवीत असलेल्या केविन कॉरिगन यांचे ते पहिले अजिंक्यपद. वगळले गेले म्हणून ते जिंकले, असे सोयीचे तात्पर्य काढण्यास मी तयार नाही. वगळले गेलेले कितीतरी संघ विस्मृतीत गेले. मला एवढेच दिसते की २०२२ च्या त्या सहा विजयांत जे अंगी बाणले होते ते समितीच्या एका फैसल्याने वाया गेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या प्रशिक्षकांनी कदाचित सांगितली असेल, कदाचित नसेल. ज्या न्यूयॉर्क संस्थानात तू शिकतोस ती भूमी होदेनोशोनी लोकांची, आणि हा खेळही त्यांचा. १८६७ च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या बिअर्स नावाच्या दंतवैद्याने त्याचे नियम कागदावर उतरविले आणि मग तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांत गेला. पण त्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे, १६३६ च्या वृत्तांतात, ब्रेबफ या जेझुइट धर्मोपदेशकाने ह्युरॉन लोकांत रुग्णाच्या बरे होण्यासाठी हा खेळ खेळवला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. त्या धर्मोपदेशकास ती भोळसट समजूत वाटली. आपण, ज्यांच्याकडे नवसाने पालखीसोबत चालणारे लोक आहेत, त्यांनी तरी तसे म्हणण्याची घाई करू नये. होदेनोशोनींपैकी ओनोन्डागा आणि त्यांच्या बंधुजमातींत आजही लाकडी काठ्या घेऊन असे सामने होतात, आणि त्यांत कोण जिंकले यापेक्षा ज्याच्यासाठी खेळले त्याच्यासाठी मनापासून खेळले की नाही यास महत्त्व असते. २०१४ साली ऑल्बनीच्या लाइल आणि माइल्स थॉम्पसन या ओनोन्डागा बंधूंना देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा बहुमान विभागून मिळाला. त्यापूर्वी त्यांच्या लोकांपैकी कोणालाही तो मिळाला नव्हता, आणि बक्षीस देणाऱ्या संस्थेने पुरस्काराचे नाव मात्र त्यांच्या बंधुजमातीच्या मोहॉक भाषेतूनच घेतले होते! तुमच्या महाविद्यालयापासून त्यांची वस्ती फार दूर नाही. एखाद्या रविवारी तेथील खेळ पाहून ये. निवडीची गणिते करण्यात घालविलेल्या संध्याकाळीहून ती संध्याकाळ तुला अधिक शिकवील याची मी हमी देतो.

संघातील चौथ्या वर्षाच्या मुलांविषयी तू लिहिले आहेस की ती सरावात अकारण चिडतात. अकारण नव्हे. तुझ्यापुढे आणखी दोन मोसम आहेत, त्यांच्यापुढे कदाचित तीन सामने. त्यांपैकी बहुतेक जण त्यानंतर आयुष्यात कधी हेल्मेट चढविणार नाहीत. त्यांच्याशी समितीविषयी बोलू नकोस. चेंडू गोळा करण्याचे काम तुझे नसले तरी कर.

परीक्षेविषयी तुझ्या आईने मला स्वतंत्र लिहिले आहे, त्यावर मी तिला योग्य ते उत्तर दिले. प्रवासात बसमध्ये पुस्तक उघडता येते एवढेच तुला सुचवितो. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकलात तर समितीची गरज उरत नाही, हे तुला सांगण्याची आवश्यकता नसावी. तिचा पहिला सामना कोणाशी हे मात्र कळव, आणि त्यांचा फेस-ऑफचा खेळाडू डावखुरा आहे की उजवा तेही.

सुटीत घरी येण्याचे तुझे तिकीट मेच्या मध्याचे काढावे काय, असे ताई विचारीत होती. तेव्हा भाडे स्वस्त पडते म्हणे. अंतिम सामना मेच्या शेवटच्या सोमवारी असतो. जूनचा पहिला आठवडा उजाडल्यावरचे काढ, असे मी तिला कळविले आहे. कारण विचारले तर उन्हाळ्याचे सांग.

तुझा,
मामा