मोफत लस आणि विकतची लस

सरकारी दवाखान्यात मोफत टोचल्या जाणाऱ्या लशी पुरेशा आहेत की खाजगी डॉक्टरांच्या तक्त्यावरील ‘ऐच्छिक’ लशींसाठीही पदरमोड करावी, हा प्रश्न तान्ह्या मुलांचे आईबाप मला वारंवार विचारतात. या दोन याद्यांमधील सीमारेषा रोगाचा प्रसार, लशीचा पुरवठा आणि सरकारी तिजोरीची कुवत यांचा हिशेब करून आखलेली असते, व ती सरकतही असते. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरील लस २०१६ साली आणि न्यूमोकोकसची लस २०१७ साली सरकारी कार्यक्रमात येऊ लागली, तत्पूर्वी त्या दोन्ही केवळ ऐपतदारांच्या मुलांना लाभत असत.

तथापि पहिला मान मोफत यादीचाच आहे, हे मी आग्रहपूर्वक सांगतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराने बालके दगावली. आणि ज्या रोगाने ती दगावली त्याची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात विनामूल्य उपलब्ध आहे, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली आहे. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस चुकवू नये. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लशीचे बूस्टर, एक त्याच सुमारास व दुसरे पाच ते सहा वर्षांच्या वयात, हे तर सर्वांत अधिक विसरले जातात. कारण मूल तोवर धावू-खेळू लागलेले असते आणि लसीचे कार्ड कपाटात पडलेले असते.

हे सारे पार पडले व हाती काही रक्कम उरली, तर पिण्याच्या पाण्याची खात्री नसलेल्या आपल्या गावा-शहरांत मी विषमज्वराच्या संयुग्म लशीला अग्रक्रम देईन. त्यानंतर कांजिण्या व अ-प्रकारची कावीळ यांचा विचार करावा. सरकारी गोवर-रुबेला लशीत गालगुंडाचा अंतर्भाव नाही, म्हणून त्याविषयीही विचारावे. आणि दमा वा हृदयविकार असलेल्या मुलाला इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी द्यावी.

एखादा डोस लांबला म्हणून मालिका मुळापासून आरंभण्याची सहसा गरज नसते, जेथे खंड पडला तेथून पुढे चालावे. साधी सर्दी किंवा किंचित कणकण हे टोचणी टाळण्याचे कारण होत नाही, परंतु पूर्वीच्या लशीनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल किंवा मुलाची प्रतिकारशक्ती आजाराने अथवा औषधांनी क्षीण झाली असेल, तर ते टोचणीपूर्वीच डॉक्टरांच्या कानी घालावे.