निवृत्त सैनिक आणि शिकाऊ मानसशास्त्रज्ञ

युद्धावरून परतलेल्या माणसाची जखम दरवेळी अंगावर दिसते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत असे सैनिक इतके आले की त्यांना पुरतील एवढे मानसशास्त्रज्ञच तेथे नव्हते. म्हणून निवृत्त सैनिकांच्या सरकारी इस्पितळांनी १९४६ साली ते स्वतःच तयार करावयास घेतले.

आजही डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वी एक वर्ष पूर्णवेळ रुग्णांत काढावे लागते. पुस्तके वाचून झालेली असतात. आता समोर झोप उडालेला, आवाजाने दचकणारा माणूस बसतो. नको त्या आठवणी टाळू न देता हळूहळू, पुन्हा पुन्हा बोलून घ्यावयाच्या, अशी एक उपचाराची रीत आहे. ऐकताना निर्दय वाटते खरी, पण टाळल्यानेच भीती मुरते. आठवड्यातून निदान चार तास अनुभवी माणसे शिकाऊंचे काम तपासतात.

सर्वांत कठीण धडा विचारण्याचा. ‘जीव द्यावासा वाटतो का? घरात बंदूक आहे का?’ हे सरळ विचारावयाचे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. होकार आला तर बंदुकीला कुलूप लावावयाचे, नाहीतर काही काळ ती घराबाहेर ठेवावयाची. तो झटका बहुधा थोड्या वेळात ओसरतो.

आपल्या शेतकरी घरांत बंदुकीच्या जागी कीटकनाशकाचा डबा धरा. घरात असे कोणी खचलेले असेल, तर डबा कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही फुकट बोलता येते.