भाताचे खाचर आणि मिथेन

भातखाचरात पाणी सतत साचून राहिले, की मातीला प्राणवायू मिळत नाही. तेथील सूक्ष्मजीव मिथेन हा हरितगृह वायू निर्माण करतात. 1960 साली फिलिपीन्समध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तेथील राष्ट्रीय संस्था व शेतकरी यांच्या सहकार्याने यावर साधा उपाय विकसित केला. खाचरात छिद्रे असलेली नळी पुरावयाची. तिच्यातील पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटर उतरले, की पुन्हा पाणी द्यावयाचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र खाचर भरलेले ठेवावयाचे. यामुळे उत्पादन न घटता मिथेनचे उत्सर्जन सुमारे निम्म्यापर्यंत कमी होते. शिवाय, कालव्याच्या मुखाशी वाचलेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते. म्हणून हे संशोधन जितके शास्त्रज्ञांचे, तितकेच शेजारधर्म पाळणाऱ्या शेतकऱ्यांचेही आहे.