इंटरनेट मध्येच का तुटे?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. संगणक आणि तार यांच्यामध्ये मोडेम नावाची पेटी असे. ती संगणकाची भाषा आवाजात बदली आणि आलेला आवाज पुन्हा संगणकाच्या भाषेत. आवाजात बिघाड झाला की जोडणी तुटलीच!

मग नंबर पुन्हा फिरवा. दर वेळी नवा कॉल मोजला जाई. बिल वाढे. माणूस वैतागून म्हणे, "हे डबडंच बिघडलं जी! नवं आणा." आम्ही म्हणू, आधी तपासा, मग पैसे खर्चा.

तपासणी सोपी होती. रिसीव्हर कानाला लावायचा. खरखर आली, तर तारेचा सांधा गंजला असेल किंवा पाणी शिरले असेल. खरखर नसेल, तर पाहायचे : दुसऱ्या खोलीतला फोन कोणी उचलला काय? मध्येच दुसऱ्या कॉलची टूं-टूं आली काय? बराच वेळ काम थांबले, तर पलीकडूनही जोडणी तोडली जाई. शेवटी मोडेम शेजारच्या तारेला लावायचा. तिथे नीट चालला, तर दोष आपल्या तारेत. तिथेही तुटला, तर मोडेमवर संशय घ्यावा.

आज इंटरनेट मोबाईलवर आले. पण रीत तीच. पऱ्हाटी पिवळी पडली, तर आपण आधी पान, मूळ, माती पाहतो. मगच औषध आणतो. यंत्राचेही तसेच करावे.