मसाई मारा आणि नैरोबी: दिवस कसे वाटावेत?

प्रश्न: ऑगस्टमध्ये सहकुटुंब केनियाला जायचे आहे. मारात किती दिवस द्यावेत? नैरोबीत थांबण्यासारखे काही आहे का?

उत्तर: मारासाठी किमान तीन रात्री राखाव्यात. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात सेरेंगेटीतून आलेले विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, पण ते कधी उतरतील याचा नेम नसतो. काठावर हजारो जनावरे गोळा होतात. पुढची दोन-चार पाण्याशी येऊन बिचकतात, मागे फिरतात आणि जीपमधल्या मंडळींची अख्खी दुपार तिथेच जाते. एकाने उडी टाकली की मात्र सगळा कळप धुरळा उडवत मागोमाग नदीत घुसतो. खाली मगरी असतातच! एकाच रात्रीसाठी आलेला पर्यटक बहुधा हे हुकवतो.

पहाटेच्या सफारीला स्वेटर हवाच.

नैरोबीला नुसते विमान बदलण्याचे ठिकाण समजणे अन्यायाचे आहे. 1946 साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान शहराला अगदी खेटून आहे. चरणाऱ्या गेंड्यामागे उंच इमारती दिसतात. तिथल्याच शेल्ड्रिक अनाथालयात हत्तीची पोरकी पिल्ले बाटलीने दूध पिताना पाहता येतात. मुले सोबत असतील तर हे चुकवू नये. नोंदणी आधीच करावी.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. दाखल्याविना परतणाऱ्याला भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. सामान बांधताना प्लास्टिकच्या पिशव्या वगळाव्यात, केनियात त्यांवर 2017 पासून बंदी आहे.