पोटॅशियम परमँगनेट : गुण, उपयोग आणि मर्यादा

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील उमापूर हें आमचें गांव. भोंवतालचा खडक काळ्या पाषाणाचा. उन्हाळा लागला कीं विहिरींचें पाणी खोल जातें आणि उरलेल्या पाण्यांत पाला, शेवाळ व गाळ यांचें प्रमाण वाढतें. दूषित पाण्यापासून पटकी, हगवण इत्यादि रोग उद्भवतात, हें सर्वश्रुत आहे. म्हणून पूर्वी सांथींच्या दिवसांत विहिरींत जें जांभळें औषध टाकीत असत, त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

हें औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट होय. त्याचे स्फटिक काळसर जांभळे, लांबट व चकचकीत असतात. त्याच्या एका रेणूंत पोटॅशियमचा एक, मँगनीजचा एक व प्राणवायूचे चार अणु असतात. 20 अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या 100 ग्रॅम पाण्यांत तें सुमारें साडेसहा ग्रॅम विरघळतें. परंतु पेलाभर पाणी रंगविण्यास एक बारीक कणहि पुरतो. सुमारें 240 अंशांपर्यंत तापविल्यास त्याचें विघटन होऊन प्राणवायु बाहेर पडतो.

त्याचें मूळ द्रव्य जें मँगनीज, तें आपल्या महाराष्ट्रांतच नागपूर व भंडारा जिल्ह्यांत सांपडतें. भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून मँगनीज डायॉक्साइड निघतें. हें खनिज कॉस्टिक पोटॅशबरोबर हवेंत तापविलें म्हणजे हिरवें मँगनेट बनतें. आणि त्याच्या द्रावणांतून वीज खेळविली कीं जांभळें परमँगनेट तयार होतें.

आपल्याजवळील प्राणवायु दुसऱ्या पदार्थास देणें, हा या क्षाराचा मुख्य गुण. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. ती घडत असतां परमँगनेटचा स्वतःचा रंग पालटतो. सौम्य गंधकाम्ल घातलेलें द्रावण जवळजवळ रंगहीन होतें. साध्या पाण्यांत तपकिरी सांका बसतो. तीव्र अल्कधर्मी द्रावणांत हिरवा रंग येतो. प्रयोगशाळेंत ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचें प्रमाण काढावयाचें असल्यास त्यांत सौम्य गंधकाम्ल घालून तें ऊन करितात व परमँगनेट थेंब थेंब सोडतात. प्रत्येक थेंबाचा रंग नाहींसा होत जातो. ज्या थेंबाची गुलाबी छटा टिकते, तेथें क्रिया पुरी झाली असें समजावें. निराळा दर्शक लागत नाहीं.

विहिरीस हाच नियम लागू पडतो. आग्रा येथील सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हॅन्बरी हॅन्किन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पटकीच्या प्रतिबंधासाठीं या उपायाचा पुरस्कार केला. बादलींत औषध विरघळवून तें विहिरींत ओतीत व पाणी ढवळीत. रंग लागलाच उडाला, तर मळ अधिक आहे असें जाणून आणखी औषध घालीत. हें ताडून पाहणें सोपें आहे. एका पेल्यांत स्वच्छ पाणी व दुसऱ्यांत कुजलेल्या पाल्याचें पाणी घेऊन दोहोंत सारखेंच फिकट द्रावण घालावें. पहिलें गुलाबी राहतें. दुसरें कांहीं वेळानें तपकिरी होतें.

परंतु गुलाबी पाणी म्हणजे निर्दोष पाणी, असें मात्र समजूं नये. रंग टिकला याचा अर्थ औषध शिल्लक आहे, एवढाच. पटकीचे जंतु त्यानें मरतात. इतर पुष्कळ रोगजंतूंविषयीं त्यावर भरवसा ठेवतां येत नाहीं, शिवाय पाण्याची रुचि बिघडते. यास्तव आतां ग्रामपंचायती पिण्याच्या पाण्यास ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टी. सी. एल., वापरतात. तेंहि ऑक्सिडीकरण करणारेंच द्रव्य आहे. ताज्या चूर्णांत सुमारें 33 टक्के उपयुक्त क्लोरिन असतो. 1000 लिटर पाण्यास साधारणतः अडीच ग्रॅम चूर्ण घालून निदान एक तास थांबावें. पाणी गढूळ असल्यास अधिक लागतें. हवा, उजेड व ओल यांनीं चूर्णाचा जोर नाहींसा होतो. म्हणून डबा घट्ट झांकलेला असावा.

परमँगनेटचा आणखी एक धर्म ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मळ कोणता आणि मांस कोणतें, हें त्यास कळत नाहीं. 1881 साली ब्राझीलच्या लासेर्दा यांनीं सर्पविषावर तें सुचविलें, व पुढें लिओनार्ड रॉजर्स यांनीं हिंदुस्थानांत त्याचा पुरस्कार केला. दंशाची जागा कापून तींत स्फटिक चोळीत असत. पेल्यांतील विष परमँगनेटनें नष्ट होतें हें खरें. परंतु अंगांत भिनलेल्या विषापर्यंत तें पोहोंचत नाहीं, उलट जखम मात्र जळते. म्हणून हा उपाय वैद्यकानें टाकून दिला. सर्पदंश झाल्यास जागा कापूं नये, कांहीं चोळूं नये. अवयव स्थिर ठेवून रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथील प्रतिविष हाच खरा उपाय आहे.

वैद्याच्या सल्ल्यानें ओल्या इसबावर मात्र 10,000 भाग पाण्यांत 1 भाग असें सौम्य द्रावण आजहि वापरतात. कोरडे स्फटिक ग्लिसरिनशीं मिळाल्यास आपोआप पेट घेतात आणि तीव्र गंधकाम्लाशीं मिळाल्यास स्फोट होतो. म्हणून शिक्षकांवांचून कोणीं त्यांस हात लावूं नये.

ज्या गुणामुळें हें द्रव्य उपयोगी पडतें, त्याच गुणामुळें तें अपायहि करितें. माप आणि स्थळ यांचा विवेक द्रव्यांत नसतो; तो वापरणाऱ्यानें ठेवावयाचा असतो. विद्यार्थिमित्रहो, विहिरींत औषध पडतांना पाहाल, तेव्हां पाणी किती, चूर्ण किती आणि वेळ किती, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे.