हिवाळ्यात हुमणी जाते कुठं?

ताईंनो, श्रावण-भादव्यात कराड, वाळवा, पलूसकडं उसाचे ठोंब पिवळे पडतात. हातानं ओढला तर ठोंब सहज उपटून येतो, कारण खालची मुळंच हुमणीनं कुरतडलेली असतात. मग आपण औषधासाठी पळतो. पण दिवाळी झाली, थंडी पडली की हुमणी दिसेनाशी होते आणि आपल्याला वाटतं, गेली एकदाची. ती गेलेली नसते.

हुमणी म्हणजे एका तपकिरी भुंगेऱ्याची अळी. तिची वर्षाला एकच पिढी होते. पावसाळाभर मुळं खाऊन अळी अंगात चरबी साठवते. पावसाळा सरला की ती जमिनीत खोल जाते, मातीचं घर करते आणि आत कोष बनते. साधारण तीन आठवड्यांत कोषातून भुंगेरा तयार होतो, पण तो वर येत नाही. वर थंडी, मग ऊन, माती कोरडी. म्हणून काही न खाता, साठवलेल्या चरबीवर तो तसाच निपचित पडून राहतो. मे-जूनमध्ये वळीव पडला, माती ओली झाली, की संध्याकाळी अंधार पडताना सगळे एकदम बाहेर निघतात. कडुलिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं. पहाटे पुन्हा मातीत जातात आणि मादी तिथं अंडी घालते.

एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. म्हणजे दहा माद्या मारल्या तर पाचशे अळ्या वाचल्या. भादव्यात मोठी झालेली अळी मारणं अवघड आणि खर्चाचं. त्यापेक्षा पुढच्या दोन वेळा साधायच्या.

पहिली: खोडवा मोडला किंवा रान रिकामं झालं की खोल नांगरट करा. उघडे पडलेले कोष आणि भुंगेरे बगळे, कावळे, मैना वेचतात. कोंबड्याही सोडा. सगळे वर येत नाहीत, पण बरेच कमी होतात.

दुसरी: पहिल्या वळवानंतर रोज संध्याकाळी साडेसात-आठला झाडाखाली कापड अंथरा, फांद्या हलवा. पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. हे काम पंधरा-वीस दिवस चालू ठेवा.

एकटीनं आपल्याच बांधावरचे वेचून भागत नाही. भुंगेरे उडतात, शेजारच्या रानातले आपल्याकडं येतात. म्हणून गटाच्या बैठकीत हे ठरवून घ्या: गावात कडुलिंब-बाभळी कुठं कुठं आहेत, कोणत्या झाडाकडं कोण जाणार, बॅटरी आणि बादल्या कोण आणणार. एप्रिलच्या बैठकीतच नावं लिहून ठेवा. वळीव काही सांगून येत नाही.